पाळीवरचं पोट : भिलाईच्या स्वस्त खाण्याची गोष्ट

भिलाईत भूक पाळीप्रमाणे लागते. पोलाद कारखान्याची पहिली पाळी सकाळी सहाला सुरू होते, दुसरी दुपारी दोनला आणि तिसरी रात्री दहाला. झोतभट्टी विझवून चालत नाही, त्यामुळे कामही थांबत नाही. म्हणून पहाटे साडेपाचला इथल्या ठेल्यांवर चहा उकळत असतो आणि रात्री पाळी सुटल्यावरही कुठेतरी तवा तापलेला असतो. मुंबईच्या गिरणगावात ज्या गरजेपोटी खानावळी निघाल्या, त्याच गरजेपोटी भिलाईचं स्वस्त खाणं उभं राहिलं. मात्र गिरणगाव पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेलं आणि भिलाई दहा-पंधरा वर्षांत वसली.

नागपूरहून हावड्याच्या गाडीत बसलं, की राजनांदगाव, दुर्ग आणि मग भिलाई. मराठी माणसाला हा मुलूख परका नाही. १७४१ पासून नागपूरकर भोसल्यांचा अंमल इथवर पोचला होता. बिंबाजी भोसले १७५८ ते १७८७ या काळात रतनपूरला राहून छत्तीसगडचा कारभार पाहत होते. पुढे हा सगळा भाग नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात होता. रायपूर, दुर्ग, राजनांदगावात मराठी घरं आहेत ती तेव्हापासून. तरीही खाण्याच्या नकाशावर आपण नागपूरच्या तर्री-पोह्यांपाशी थांबतो. पुढच्या अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटरवर काय शिजतं, याची चौकशी करत नाही.

भातखाचरांवर उठलेलं शहर

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. या चार वर्षांत भाताची शेतं आणि गावं गेली. त्या जागी कारखाना आला आणि त्याच्या शेजारी आखीव सेक्टरांची वसाहत उभी राहिली. शाळा, रुग्णालय, बागा, खेळाची मैदानं यांची आखणी झाली. आंध्र, केरळ, बंगाल, बिहार, पंजाब, उत्तर प्रदेश आणि आपल्या विदर्भातूनही माणसं आली. वसाहतीत आज काली बाडी आहे, अय्यप्पा मंदिर आहे, बालाजी मंदिर आहे, गुरुद्वारा आहे. ज्यांनी आपला देव बरोबर आणला, त्यांनी आपली चवही आणली.

सुरुवातीला येणाऱ्यांत बरेचजण एकटे होते. घर मिळायचं होतं, बायकापोरं गावी होती. अशा माणसाला जेवण हवं होतं ते रोजचं, पोटभर आणि खिशाला झेपणारं. ही गरज दोन तऱ्हांनी भागली. रुळांच्या एका अंगाला, कारखान्याच्या आणि वसाहतीच्या हद्दीत, नियमाप्रमाणे चालणारी कँटीनं आणि कॉफी हाऊस आली. दुसऱ्या अंगाला, जी. ई. रोडलगतच्या सुपेला, पॉवर हाऊस, खुर्सीपार या भागांत ठेले, भोजनालयं आणि बाजार आपोआप वाढत गेले. भिलाईचं खाणं समजून घ्यायचं तर ही दोन्ही अंगं पाहावी लागतात.

कायद्याचं ताट आणि कामगारांची कॉफी

कँटीनमागे कायदा आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ४६ व्या कलमाने राज्य सरकारांना अधिकार दिला, की २५० हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कँटीन सक्तीचं करावं. पुढे १९७६ च्या दुरुस्तीने कँटीन चालवण्याचा काही खर्च पदार्थाच्या किमतीत न धरता मालकाने सोसावा, असंही आलं. कँटीनमधला चहा आणि जेवण बाहेरच्यापेक्षा स्वस्त असतं, त्याचं कारण हे. ती मालकाची मेहेरबानी म्हणता येणार नाही. कामगाराच्या पोटाचा भार उद्योगाने उचलायचा, हे स्वतंत्र भारताने अगदी सुरुवातीच्या वर्षांतच मान्य केलं होतं.

इंडियन कॉफी हाऊसची गोष्ट त्याहून वेगळी आणि मला जास्त जवळची वाटते. कॉफीचा खप वाढावा म्हणून १९३६ साली मुंबईत चर्चगेटला पहिलं कॉफी हाऊस उघडलं. पुढे ही कॉफी हाऊस कॉफी बोर्डाकडे गेली. पन्नाशीच्या दशकात बोर्डाने ती बंद करायला घेतली आणि नोकरांवर बेकारी कोसळली. तेव्हा केरळचे कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने कामगारांनीच सहकारी संस्था काढल्या. पहिली संस्था १९५७ साली बंगळूरला निघाली. जबलपूरच्या संस्थेने मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमध्ये आपल्या शाखांचं जाळं विणलं. भिलाईतली कॉफी हाऊस याच परंपरेतली.

म्हणजे जो वाढपी पांढरा गणवेश आणि तुऱ्याचा फेटा घालून तुमच्यापुढे मसाला डोसा ठेवतो, त्याची संस्था त्याच्यासारख्यांच्याच मालकीची आहे. भिलाईत याला आणखी अर्थ आहे. आठ तास भट्टीशी झुंजून आलेला कामगार, त्याचा अधिकारी, कोचिंगला आलेला बारावीचा मुलगा आणि निवृत्त शिक्षक असे सगळे तिथे शेजारशेजारच्या टेबलांवर बसतात. कॉफी, वडा-सांबार, कटलेट, आम्लेट-टोस्ट. पदार्थ थोडे, दर फळ्यावर लिहिलेले, आणि कप संपला म्हणून कोणी उठवत नाही. हॉटेलात बसण्याची ऐपत नसलेल्यालाही इथे मानाने बसता येतं. शहरात अशी एक जागा असणं फार मोलाचं आहे.

पोहे, जिलबी आणि ठेल्यावरची सकाळ

आता दुसऱ्या अंगाला येऊ. सकाळचा राजा पोहे. मोठ्या परातीत पिवळेधमक पोहे खालच्या वाफेवर गरम ठेवलेले, वर शेव आणि बारीक चिरलेला कांदा, बाजूला गरम जिलबी. नागपुरी माणूस पोह्यांवर तर्री मागतो, इथला माणूस जिलबी मागतो. छत्तीसगडमधलं भाटापारा हे पोहे गिरण्यांचं मोठं केंद्र आहे आणि तिथले पोहे महाराष्ट्रातही येतात. आपल्या घरच्या कांदेपोह्यांतले पोहे छत्तीसगडी भाताचे असण्याची शक्यता बरीच आहे.

पोह्यांच्या जोडीला समोसा-चना, आलूगुंडा म्हणजे आपला बटाटेवडा, मिरचीभजी, मुगाचे वडे. संध्याकाळी गुपचुपच्या, म्हणजे पाणीपुरीच्या, गाड्यांभोवती गर्दी होते. सिव्हिक सेंटरकडे कॉलेजची मुलं, सुपेल्याच्या रविवारच्या बाजारात खेड्यातून आलेली कुटुंबं, पॉवर हाऊसच्या जवाहर मार्केटात खरेदीला आलेल्या बायका. डोसा-इडलीच्या गाड्या इतक्या रुळल्या आहेत, की त्यांना दाक्षिणात्य म्हणावं असं इथल्या कुणाला वाटत नाही. दोन पिढ्यांपूर्वी तेलुगू आणि मल्याळी कुटुंबांनी आणलेली चव आता गावाची झाली आहे.

अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांच्या शिकवण्यांमुळे विद्यार्थी आधीपासूनच इथे येत होते. २०१६ साली आयआयटी भिलाई मंजूर होऊन सुरू झाली आणि पुढे दुर्ग जिल्ह्यात कुटेलाभाटा इथे तिचा कायमचा परिसर उभा राहिला. घराबाहेर राहणारा विद्यार्थी आणि एकटा राहणारा मजूर यांची गरज एकच असते. दोघांनाही महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात परवडेल असं ताट लागतं.

घरचं अन्न रस्त्यावर उशिरा आलं

या सगळ्यात एक गोष्ट खटकते. ज्यांच्या शेतांवर हे शहर उभं राहिलं, त्या छत्तीसगडी माणसांचं अन्न बाजारात सर्वांत उशिरा पोचलं. चीला, फरा, चौसेला, बफौरी, ठेठरी, खुरमी हे सगळं घरात आणि सणाला होत राहिलं. रस्त्यावर विकलं गेलं ते बाहेरून आलेलं.

फरा करताना पाहावा. उरलेला भात तांदळाच्या पिठात मळून घेतात. हाताला थोडं तेल लावून त्या गोळ्याच्या बोटभर लांबीच्या वळ्या करतात आणि वाफवतात. मग मोहरी, तीळ, हिरवी मिरची, कढीपत्त्याच्या फोडणीत परततात. बाहेरून किंचित खरपूस, आतून लुसलुशीत. चीला म्हणजे तांदळाच्या पिठाचं पातळ धिरडं. त्याबरोबर टोमॅटो-मिरचीची झणझणीत चटणी लागतेच. दुर्ग जिल्ह्यातला धमधा भाग टोमॅटोच्या पिकासाठी प्रसिद्ध आहे, तेव्हा चटणीला तोटा नाही. आदल्या दिवशीचा भात वाया न घालवता केलेला हा नाश्ता तेलकट समोशापेक्षा स्वस्त पडतो आणि पोटालाही हलका.

तेच बोरे-बासीचं. शिजलेला भात पाण्यात भिजवून लगेच खाल्ला तर बोरे, रात्रभर ठेवून सकाळी खाल्ला तर बासी. जोडीला कांदा, हिरवी मिरची, लोणचं किंवा एखादी पालेभाजी. मे महिन्याच्या उन्हात कामावर निघणाऱ्या माणसाला यातून अन्न आणि पाणी दोन्ही एकदम मिळतं. गरिबाचं म्हणून लपवलं जाणारं हे अन्न २०२२ साली चर्चेत आलं. तेव्हाचे मुख्यमंत्री भूपेश बघेल, जे स्वतः दुर्ग जिल्ह्यातले, त्यांनी १ मे च्या कामगार दिनी सगळ्यांनी बोरे-बासी खावी असं आवाहन केलं. त्याआधी २६ जानेवारी २०१६ रोजी रायपूरच्या महंत घासीदास संग्रहालयाच्या आवारात ‘गढ कलेवा’ सुरू झालं. बचत गटाच्या बायका तिथे छत्तीसगडी पदार्थ करून विकतात. मग इतर जिल्ह्यांतही अशी केंद्रं काढण्याचं धोरण आलं.

इथे मला प्रेमाताई पुरव आठवतात. गिरणी कामगारांना डबे पुरवणाऱ्या खानावळवाल्या बायकांना त्यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं आणि बँकेच्या कर्जाची वाट मोकळी करून दिली. स्वयंपाक बायकांचा आणि कमाई दुसऱ्याची, ही रीत त्यांनी मोडली. भिलाईला आज नेमकं हेच हवं आहे.

स्वस्त कोणासाठी?

भिलाईचं स्वस्त खाणं हे अखेर मजुरीशी बांधलेलं आहे. ऐंशीच्या दशकात कारखान्याच्या कायम कामगारांची संख्या साठ हजारांच्या पुढे होती. ती पुढे कितीतरी घटली आणि कामाचा मोठा भाग ठेकेदारांच्या मजुरांकडे गेला. या मजुरांच्या हक्कांसाठी लढणारे शंकर गुहा नियोगी यांची २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईतच हत्या झाली. १ जुलै १९९२ रोजी इथे रेल्वेमार्गावर बसलेल्या कामगारांवर पोलिसांचा गोळीबार झाला. या शहराच्या ताटाची चर्चा करताना हा इतिहास वगळता येत नाही.

१९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यानेही कँटीनची तरतूद केली, पण १०० किंवा त्याहून अधिक कंत्राटी कामगारांसाठी. ज्या ठेक्यावर साठ-सत्तर माणसं, तिथला मजूर त्या कलमाबाहेर राहिला. त्याच्यासाठी उरतो तो ठेला. सरकारनेही हे ओळखलं होतं. छत्तीसगडमध्ये २००४ पासून अन्नपूर्णा दाल-भात केंद्रांत पाच रुपयांत डाळभात मिळू लागला. बांधकाम आणि असंघटित मजुरांसाठी पाच रुपयांत गरम जेवणाची योजनाही आली. आपल्याकडे १९९५ चं एक रुपयातलं झुणका-भाकर केंद्र आणि २६ जानेवारी २०२० पासूनची दहा रुपयांची शिवभोजन थाळी त्याच वाटेवरची. अशा योजना सरकार बदललं की डळमळतात. ठेला मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा लागतो.

आणि तरीही सर्वांत असुरक्षित तोच. भिलाईत वसाहतीची जमीन कारखान्याची, बाकीची पालिकेच्या अखत्यारीत. अतिक्रमण हटवण्याची मोहीम निघाली, की चाळीस वर्षं गावाला जेवू घालणारा माणूस एका दिवसात अतिक्रमणवाला ठरतो. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने सर्वेक्षण, नगर विक्रेता समिती आणि विक्रीसाठी राखीव जागा हे सगळं सांगितलेलं आहे. त्या समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांतूनच निवडायचे आहेत. नवा कायदा करायची गरज नाही, आहे तो पाळायला हवा.

ज्या शहराने रुग्णालयापासून क्रीडांगणापर्यंत सगळ्याची आखणी केली, त्याने ठेल्याचीही आखणी करावी. कारखान्याच्या प्रत्येक मोठ्या फाटकाजवळ तिन्ही पाळ्यांना पुरेल अशी पक्की जागा, नळाचं पाणी, दिवा आणि कचऱ्याची सोय द्यावी. त्यातल्या काही जागा फरा-चीला करणाऱ्या बचत गटांसाठी राखाव्यात. कायम कामगाराला १९४८ च्या कायद्याने जे मिळालं, ते फाटकाबाहेरच्या मजुराला देण्याचा याहून सोपा मार्ग मला दिसत नाही. आणि वाचकहो, पुढच्या वेळी हावड्याच्या गाडीने जाल तेव्हा एक दिवस भिलाईला उतरा. सकाळी ठेल्यावरचा चीला खा, दुपारी कॉफी हाऊसमध्ये बसा, आणि खाणाऱ्यांशी व वाढणाऱ्यांशी दोन शब्द बोला.