एका घरांत दोन कारभारी

गेल्या पावसाळ्यांत आमच्या घरांत एक चमत्कारिक कलह माजला होता. कुटुंब चौदा माणसांचें. घर जुनें, तीन मजल्यांचें, खालच्या भिंती दीड हात जाडीच्या. इंटरनेटची तार येते ती ओटीवर, आणि कंपनीनें दिलेली राउटरची पेटी तेथेंच टेलिव्हिजनच्या मागें, लोखंडी कपाटाशेजारीं बसविलेली. माडीवर सूनबाई घरूनच कचेरीचें काम करतात. भर बैठकींत त्यांच्यापुढील चित्र गोठून जाई. धाकटा पुतण्या परीक्षेचीं व्याख्यानें ऐके, तीं अर्ध्यावर थांबत. आमचे वडील बंधू दादा दर रविवारीं सकाळीं माडीवरील आपल्या खोलींतून कॅनडांतील लेकीशीं बोलावयास बसत, तेव्हां तिचें निम्में बोलणें तुटून जाई. "हल्लीं तिला आमच्याशीं बोलायचा कंटाळा येतो," असें त्यांनीं मनाशीं ठरवून टाकलें. मुलें खेळ खेळून सारें इंटरनेट संपवितात असें वडील माणसें म्हणत. आजोबांचीं कीर्तनें दिवसभर चालू असतात असें मुलें म्हणत.

अशा वेळीं सर्व गृहस्थ करतात तेंच आम्हींही केलें. अधिक पैसे भरून १०० मेगाबिटांचा वेग ३०० करून घेतला. माडीवर तिळमात्र फरक पडला नाहीं. मग पुतण्यानें फोनवर प्रत्येक खोलींतील वेग मोजून कागदावर मांडला. ओटीवर २९०, स्वयंपाकघरांत ४०, माडीवर अवघे ६! हौदांत पाणी मुबलक होतें, परंतु तें वर चढविणारा नळच नव्हता.

ह्याचें कारण समजण्यास फारशा विद्वत्तेची जरूरी नाहीं. घरांतील वाय-फाय मुख्यतः दोन प्रकारच्या रेडिओलहरींवर चालतें. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी सावकाश काम करतात, पण भिंतींतून बऱ्यापैकीं पार जातात; ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान, पण भिंतीपुढें लवकर हार खातात. दगड, ओलसर माती, पाण्याची टाकी, लोखंडी कपाट हे सगळे त्यांचे वैरी. आमच्या घरीं हे चौघेही हजर!

ह्यावर 'मेश' नांवाची योजना उपयोगी पडते. मेश म्हणजे जाळें. एकाच मोठ्या दिव्यानें सारें घर उजळण्याऐवजीं जागोजाग लहान दिवे ठेवावे, तसा हा प्रकार आहे. आम्हीं तीन पेट्यांचा संच आणला. सर्वांचें नांव व परवलीचा शब्द एकच; मनुष्य फोन घेऊन ओटीवरून माडीवर गेला, म्हणजे फोन आपण होऊनच जवळची पेटी धरतो. येथें पुष्कळांची एक चूक होते, ती आमचीही झाली. जेथें इंटरनेट मुळींच पोंचत नाहीं, त्याच खोलींत दुसरी पेटी नेऊन ठेवली. जिला स्वतःलाच कांहीं मिळत नाहीं, ती दुसऱ्यास काय देणार? पेटी अर्ध्या वाटेवर, जिन्याच्या वळणाशीं ठेवतांच ती नीट चालूं लागली.

परंतु खरा घोळ पुढेंच होता. दुसऱ्या दिवशीं छपाईयंत्र सूनबाईंच्या लॅपटॉपला सांपडेना. यंत्र जुन्या वाय-फायवर, लॅपटॉप नव्यावर! कंपनीची पेटी स्वतः राउटर होती आणि आमचा नवा संचही राउटरच होता. राउटर हा घरचा कारभारी होय. इंटरनेटच्या जुन्या पद्धतींत पत्ते सुमारे ४२९ कोटींच; ते जगांतील सर्व यंत्रांस पुरत नाहींत. म्हणून राउटर घरांतील प्रत्येक यंत्रास एक खासगी पत्ता देतो, बाहेर सर्वांच्या वतीनें एकच पत्ता दाखवितो, आणि कोणाचें उत्तर कोणास द्यावयाचें ह्याची वही ठेवतो. आमच्या घरांत असे दोन कारभारी, दोन वह्या झाल्या. बातम्या वाचण्यास, चित्रें पाहण्यास ह्यानें अडचण येत नाहीं, म्हणून दोष ध्यानांत येत नाहीं. पण छपाईयंत्र, बाहेरून पाहावयाचा कॅमेरा, कांहीं खेळ ह्यांची वाट मात्र चुकते.

उपाय दोन आहेत. पहिल्यांत कंपनीची पेटी 'ब्रिज' स्थितींत ठेवावी. मग ती फक्त तारेंतील प्रकाशाचे संदेश विजेच्या संदेशांत उतरविते व कारभार सर्वस्वीं नव्या संचाकडे जातो. पुष्कळ ठिकाणीं जोडणीचें नांव व परवलीचा शब्द मग नव्या संचांत भरावे लागतात; ते कंपनीकडून आधीं मागून घ्यावे. घरचा टेलिफोन त्याच पेटींतून चालत असेल, तर त्याचें काय होईल हेंही आधींच विचारावें. दुसऱ्या उपायांत कारभार जुन्या पेटीकडेच राहतो आणि नवा संच 'ॲक्सेस पॉइंट' स्थितींत केवळ लहरी पसरविण्याचें काम करतो. ह्यांत मुलांच्या वेळेवर बंधन घालण्यासारख्या नव्या संचाच्या कांहीं सोयी बहुधा सोडाव्या लागतात. आमचा टेलिफोन त्या पेटीवरच असल्यामुळें आम्हीं दुसरा मार्ग पत्करला. मग जुन्या पेटीचें वाय-फाय बंद केलें आणि तिचेंच नांव व परवलीचा शब्द नव्या संचास दिला. त्यामुळें घरांतील पंचवीस यंत्रांपैकीं एकासही पुन्हां हात लावावा लागला नाहीं.

हवेंतून जोडलेल्या पेटीस मागच्या पेटीशींही बोलावें लागतें आणि फोनशींही. तेणेंकरून वेग घटतो. म्हणून माडीपर्यंत आम्हीं तार नेली. तरी वेग ९४ च्या वर जाईना! तारेंत आठ पदर असतात; कारागिरानें त्यांतले चारच जोडले होते. चार पदरांवर १०० मेगाबिटांपलीकडे मजल जात नाहीं. आठही जोडतांच माडीवर २८० चा आंकडा दिसला. पैसे देण्यापूर्वीं वेग मोजून पाहावा, हें आम्हीं त्या दिवशीं शिकलों.

पुढच्या रविवारीं दादा लेकीशीं तासभर बोलले. शेवटीं ती म्हणाली, "बाबा, मला वाटत होतं, तुम्हांलाच माझं ऐकायचं नसतं. मी बोलत असतांना तुम्ही मधेंच गप्प होऊन नुसते बघत राहायचां." दादा क्षणभर कांहींच बोलले नाहींत. मग म्हणाले, "अग, ती भिंत होती."

आमच्या वाचकांच्या घरींही असा कलह चालूं असल्यास, मुलांवर रागावण्यापूर्वीं आणि कंपनीस अधिक पैसे देण्यापूर्वीं त्यांनीं एक कागद घ्यावा व खोलीखोलींत जाऊन वेग मांडावा. पुष्कळदां दोष माणसांत निघत नाहीं.