फडावरचं लेकरू कुणाच्या देखरेखीत?
अंगणवाडी, पाळणाघर आणि गावाची जबाबदारी

दसरा-दिवाळीच्या सुमाराला आपल्या जिल्ह्यातले वाडी-तांडे कसे मोकळे होतात, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज या पट्ट्यातून कोयते पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडल्याशिवाय सुटका नाही. या सगळ्या हिशेबात लेकराचा आकडा मात्र कुठंच येत नाही.

शाळेतलं मूल आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहू शकतं. सहा वर्षांच्या आतल्या लेकराला ती सोय नाही. अंगावर पिणारं तर आईबरोबर जाणारच. मग पहाटेच्या अंधारात तोड सुरू होते, लेकरू पाचटावर निजतं आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला असते आठ-नऊ वर्षांची बहीण. बाजूला ट्रॅक्टर मागं-पुढं होतो, धारेचे कोयते पडलेले असतात, इचू-काटा असतो, जवळच विहीर नाहीतर कॅनॉल असतो. आईचे हात मोळी बांधण्यात गुंतलेले. यात आईची चूक काढून काय उपयोग? देखरेखीला दुसरं माणूसच नाही, ही खरी अडचण आहे.

कायदा काय सांगतो?

पाळणाघराची कल्पना आपल्याकडे नवी नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४८ व्या कलमात, तीसपेक्षा जास्त स्त्रिया कामाला असतील तिथं सहा वर्षांच्या आतल्या मुलांसाठी पाळणाघराची तरतूद होती. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झालं. त्यासाठी केंद्राने २०१८ मध्ये किमान मार्गदर्शक सूचना काढल्या. तीन वर्षांच्या आतल्या दर दहा मुलांमागे एक प्रशिक्षित सेविका आणि त्याहून मोठ्या दर वीस मुलांमागे एक, शिवाय मदतनीस, असं प्रमाण त्यात सांगितलं आहे.

पण ऊस तोडणारी बाई कारखान्याच्या हजेरीपटावर नसते. तिचा व्यवहार मुकादमाशी. त्यामुळे साखरेचं पोतं जिच्या घामावर भरतं, तिचं लेकरू कारखान्याच्या पाळणाघराच्या हिशेबात धरलं जात नाही. रोजगार हमीचं बघा. २००५ च्या केंद्रीय कायद्यात कामावर सहा वर्षांच्या आतली पाच किंवा जास्त मुलं असली, तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमून तिला मजुरी द्यावी, असं लिहिलं गेलं. तेच तत्त्व उसाच्या फडाला का लागू नये?

हे जमतच नाही, असं म्हणायला जागा नाही. बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांसाठी मीरा महादेवन यांनी १९६९ साली दिल्लीत ‘मोबाइल क्रेशेस’ सुरू केली. काम जिथं जाईल तिथं पाळणाघर गेलं. बांधकाम मजूरही ठेकेदाराचाच असतो आणि त्याचंही बिऱ्हाड हलतंच.

पाळणाघराची योजना आहे

२०१७ च्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेत सहा महिने ते सहा वर्षांच्या पंचवीस मुलांमागे एक सेविका व एक मदतनीस, महिन्याचे २६ दिवस आणि रोज साडेसात तास, असा नियम होता. २०२२ पासून ही योजना ‘पालना’ या नावाने मिशन शक्तीत आली आणि अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची सोय झाली. साधी अंगणवाडी काही तासांची असते. शेतात दिवसभर राबणाऱ्या आईला तेवढ्यानं भागत नाही. गावात आजीजवळ ठेवलेल्या लेकरासाठीसुद्धा दिवसभराची सोय लागते, कारण आजी स्वतः दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते.

शिवाय सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ च्या आदेशात सांगितलं आहे की, सहा वर्षांच्या आतली किमान चाळीस मुलं असलेल्या वस्तीने अंगणवाडी मागितली, तर ती तीन महिन्यांत मिळाली पाहिजे. तांड्यावरच्या मंडळींनी हे ध्यानात ठेवावं.

आपली अंगणवाडी स्वतः तपासा

पर्यवेक्षिका बाई येतील, रजिस्टर बघतील, सही करतील. पण त्यांच्याकडे अनेक गावं असतात. रोजची नजर गावाचीच पाहिजे. सरपंच, ग्रामसेवक, पालक, सगळ्यांनी मिळून पुढील गोष्टी पाहाव्यात.

१) जागा : अंगणवाडीला किमान ६०० चौरस फूट बांधकाम, मुलांची बसायची खोली, वेगळं स्वयंपाकघर, कोठी, मुलांच्या बेताचं शौचालय आणि पिण्याचं पाणी हवं.

२) चूल आणि गॅस : मुलं बसतात त्या खोलीत शिजवू नये. तामिळनाडूत कुंभकोणम इथं १६ जुलै २००४ रोजी शाळेला आग लागली, झावळ्यांचं छप्पर पेटलं आणि ९४ मुलं गेली. दार बाहेर उघडतं का आणि तिथं पोती रचलेली नाहीत ना, हेही बघा.

३) धान्य-तेल : बिहारच्या सारण जिल्ह्यात १६ जुलै २०१३ रोजी शाळेतलं जेवण जेवून २३ मुलं दगावली. अन्नात मोनोक्रोटोफॉस निघालं. हे औषध कापूसवाल्याला ओळखीचं आहे. फवारणीचा डबा धुऊन त्यात तेल, पाणी, काहीही भरू नका. वाढण्याआधी मोठ्या माणसाने चव घ्यावी.

४) पाणी आणि बोअर : अंगणवाडीजवळच्या विहिरीला कठडा, हौदाला झाकण असावं. दुष्काळात आपण बोअर घेत सुटतो आणि कोरडं गेलं की तोंड तसंच उघडं ठेवतो. अशा बोअरभोवती कुंपण घालावं, तोंडावर पक्कं झाकण बसवावं, निकामी बोअर माती-दगडाने बुजवावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली बजावलं आहे.

५) माणसं : सेविका बैठकीला गेली तर मदतनीस हजर हवी. दोघी नसताना मुलांना कोंडून ठेवू नये. लेकरू घरच्या ओळखीच्या माणसाच्याच हाती द्यावं. लैंगिक छळाचा संशय आला तर गावातल्या गावात मिटवू नका. २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे कळवणं बंधनकारक आहे. १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा नंबर भिंतीवर लिहून ठेवा.

निघण्याआधी एवढं करा

२६ जानेवारीच्या ग्रामसभेला ऊसतोड मंडळी गावात नसतात, १ मेपर्यंत हंगाम संपलेला असतो. म्हणून त्यांच्यासाठी कामाच्या ग्रामसभा दोनच : १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. कोणाचं लेकरू बरोबर जाणार, कोणाचं मागं राहणार, याची यादी तेव्हाच करा. मागं राहणाऱ्यांची संख्या मांडून अंगणवाडी-पाळणाघराचा ठराव बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे पाठवा. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला दहा टक्के निधी महिला-बालकल्याणाचाच आहे. कठडा, झाकण, दाराची कडी याला तो पुरतो.

जे लेकरू बरोबर जाणार, त्याचं वजन आणि लसीकरणाचं कार्ड आईच्या हातात द्या. २०२१ पासून नोंदी पोषण ट्रॅकरवर असतात. सेविकेला जायचा कारखाना आणि तालुका सांगितला, तर तिथल्या अंगणवाडीत नाव घालता येतं. आणि मुकादम मंडळींनो, तुम्हीही आपल्याच गावचे आहात. दहा-वीस कोयत्यांच्या टोळीत लेकरं सांभाळायला एका बाईला बसवा आणि तिची मजुरी उचलीच्या बोलणीतच ठरवून घ्या. कारखान्याकडे ती मागणी सगळ्यांनी मिळून करा. एकट्या कोयत्याचं कोणी ऐकत नाही. टोळीचं ऐकावं लागतं.