वहिनींची वही

दिवाळी झाली आणि वहिनी वही घेऊन आल्या. बडोद्यात चार वर्षं त्या घरगुती भाजणी विकतात. "भाऊजी, सहा महिन्यांत साठ गिऱ्हाइकं, त्यातली चौतीस एकदाच आली. लोकांना आवडत नाही. आता बंदच करते." मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत असे, म्हणून निकाल माझ्याकडे.

चकलीची भाजणी मी आधी बाजूला काढली. ती दिवाळीशिवाय कोण घेतं? उरली थालीपीठाची. तिथेही एकदाच घेणारेच जास्त.

पण हे असंच असतं. अँड्र्यू एरेनबर्ग या संख्याशास्त्रज्ञाने 1959 मध्ये घराघरांतल्या खरेदीचा नमुना 'ऋण द्विपद वितरणा'त बसवून दाखवला: क्वचित घेणारे पुष्कळ, वारंवार घेणारे थोडे. 1984 मध्ये गुडहार्ट आणि चॅटफिल्ड यांच्यासह त्यांनी 'डिरिश्ले' प्रतिमान मांडलं. त्यात प्रत्येक घराची दोन-तीन ब्रँडमध्ये ये-जा गृहीतच धरलेली असते. छोट्या ब्रँडला तर दुहेरी फटका: गिऱ्हाइकं कमी, आणि जी आहेत तीही जरा कमी वेळा घेतात. यात चवीचा दोष असेलच असं नाही, आकाराचा असतो.

आपल्या बडोद्यातच 1960 मध्ये विक्रम साराभाईंनी ऑपरेशन्स रिसर्च ग्रुप सुरू केला. दुकानांच्या पाहणीचं गणित सोपं: आधीचा साठा, अधिक आलेला माल, वजा उरलेला माल. त्यातून किती खपलं ते कळतं, कोणी नेलं ते नाही. वहिनींच्या वहीत नेमकं 'कोणी' आहे! फक्त, तीच माणसं इतर वेळी कुणाची भाजणी खातात, ते त्यात नाही.

म्हणून त्या चौतीसपैकी ओळखीच्या सात जणांना आम्ही फोन केले. दोघांना भाजणी जास्त भाजलेली वाटली. ते गणितात येत नाही, कढईतच सुधारायला हवं. बाकीचे पाच म्हणाले, "संपली तेव्हा दुकानात दुसरी दिसली, ती घेतली."

वहिनींच्या मनात 'दहा पाकिटांवर एक फुकट' अशी योजना होती. ती मी सोडायला लावली. जे दहा घेतात ते तसेही घेणारच. ते पैसे दांडिया बाजारातल्या दोन दुकानांत पाकिटं ठेवण्यात घालायचे ठरले. आमचे दादा म्हणतात, दुकानदार कमिशन फार मागतात. खरं आहे, मार्जिन निम्म्यावर येईल.

तरी उन्हाळ्यापर्यंत बघू, असं वहिनी म्हणाल्या आहेत. वहीत नवा रकाना पडलाय: 'कुठून घेतली?'