एअर फ्रायरवर धंदा सुरू करताय? आधी मीटर वाचा, मग रेट ठरवा



घरातून नाश्त्याचे पदार्थ विकायला निघालेल्या बऱ्याच जणांच्या डोक्यात सध्या एकच आयडिया असते: "कमी तेलातले कटलेट, समोसे एअर फ्रायरमध्ये करून द्यायचे." आयडिया चांगली आहे. पण लगेच घरातून आवाज येतो, "अगं, लाइट बिल किती येईल?" आणि तिथेच गाडी अडते. काही जण घाबरून थांबतात. काही जण "बघू नंतर" म्हणत मशीन घेतात आणि अंदाजाने रेट लावतात. दोन्ही चूक. चला, आज वही-पेन घ्या आणि माझ्याबरोबर हिशोब करा.

युनिट म्हणजे काय, एका मिनिटात

१००० वॅटचं उपकरण १ तास चाललं की १ युनिट जळतं. घरगुती एअर फ्रायर साधारण १२०० ते १७०० वॅटचे असतात. आपण १५०० वॅटचा धरू. तो १ तास सलग चालला तर जास्तीत जास्त दीड युनिट.

"जास्तीत जास्त" हा शब्द लक्षात ठेवा. आत एक कॉइल आणि एक पंखा असतो. ठरवलेलं तापमान आलं की थर्मोस्टॅट कॉइल बंद करतो, थंड झालं की परत चालू करतो. पंखा फिरत राहतो, पण त्याला वीज फार लागत नाही. म्हणून खरा खप मशीनवर छापलेल्या आकड्यापेक्षा कमी भरतो.

आता खरी ऑर्डर घेऊ

समजा, रोज ३० प्लेट कटलेटची ऑर्डर आहे. एका प्लेटमध्ये ४, म्हणजे १२० कटलेट. तुमच्या बास्केटमध्ये एका थरात ८ बसतात आणि एका बॅचला १५ मिनिटं लागतात. एकावर एक रचू नका, हवा फिरली नाही तर कटलेट कच्चे राहतात.

१२० भागिले ८ म्हणजे १५ बॅच. १५ बॅच गुणिले १५ मिनिटं म्हणजे पावणेचार तास. १५०० वॅटने जास्तीत जास्त ५.६ युनिट.

दर किती धरायचा? इथे बहुतेक जण चुकतात. ते एकूण बिलाला एकूण युनिटने भागतात आणि सरासरी काढतात. महावितरणच्या घरगुती बिलात टप्पे असतात: १ ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. पंखे, फ्रिज, टीव्ही यांनी खालचा टप्पा आधीच भरलेला असतो. तुमच्या धंद्याचे युनिट त्यावर चढतात, म्हणजे वरच्या, महाग टप्प्यात मोजले जातात. म्हणून सरासरी दर घेऊ नका, तुमचं घर ज्या टप्प्यात आहे तिथला दर घ्या. त्यात वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि त्यावरचं वीज शुल्क हे सगळं धरा.

आपण सोपं जावं म्हणून युनिटला ₹१३ धरू. तुमचा आकडा तुमच्या बिलावरून घ्या. ५.६ गुणिले १३ म्हणजे साधारण ₹७३. ३० प्लेटमध्ये वाटले तर प्लेटमागे अडीच रुपयांच्या आत.

बघा, ज्याची भीती होती तो खर्च एवढाच!

मग पैसा जातो कुठे? वेळेत

पावणेचार तास मशीन चालणार. तुम्ही पूर्ण वेळ समोर उभे नसाल, पण भरा, उलटा, काढा, तेलाचा हात फिरवा, हे चालूच राहतं. आपण २ तास तुमचे धरू. तुमच्या तासाची किंमत ₹८० धरली तर ₹१६०. वीज ₹७३, तेल साधारण ₹९. एकूण ₹२४२.

हेच कढईत केलं तर? समजा १ तासात काम झालं: मजुरी ₹८०, कटलेटने प्यायलेलं तेल ₹४५, गॅस ₹२०. एकूण ₹१४५. (धंद्याला घरगुती सिलेंडर चालत नाही, हे गॅसचा हिशोब करताना विसरू नका.)

फरक ₹९७ चा, म्हणजे प्लेटमागे सव्वातीन रुपये. त्यामुळे एअर फ्रायरची प्लेट कढईच्याच रेटला विकलीत तर रोज शंभरेक रुपये खिशातून जातील. ₹५ जास्त लावले तर फरक भरून निघतो आणि थोडं उरतं. "कमी तेलातलं" म्हणून ग्राहक ₹५ जास्त देईल का? मशीन घेण्याआधी १० ओळखीच्यांना विकून बघा. नुसतं विचारू नका, विका. तोंडी "हो" म्हणणारे पुष्कळ असतात.

एअर फ्रायरची अजून एक जमेची बाजू आहे. कढईत उरलेलं तेल पुन्हा पुन्हा वापरायचा मोह होतो. एफएसएसएआयच्या नियमानुसार तळणाच्या तेलातले टोटल पोलर कंपाउंड्स २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरता येत नाही. हा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. एअर फ्रायरमध्ये ही डोकेदुखीच नाही.

३०० युनिटची रेघ

आता सगळ्यात महत्त्वाचं. घराच्या एका भागातून छोटा धंदा करणाऱ्यांना महावितरणच्या दररचनेत घरगुती दराची सवलत आहे: वापर महिन्याला ३०० युनिटपर्यंत आणि वर्षाला ३६०० युनिटपर्यंत असेल तर. त्याच्या वर गेलात तर व्यावसायिक दराचा प्रश्न उभा राहतो. दर आणि अटी बदलत असतात, म्हणून चालू दरपत्रक एकदा बघून घ्या.

आपल्या उदाहरणात महिन्यात २० दिवस ऑर्डर असेल तर साधारण ११२ युनिट वाढतात. घराचा वापर १९० असेल तर बेरीज ३०२. गेलात रेघेच्या पलीकडे!

पण थांबा. ११२ हा छापील वॅटेजवरचा आकडा आहे. समजा मोजल्यावर दिवसाला ४ युनिटच निघाले, तर महिन्याचे ८० होतात आणि बेरीज २७०. रेघेच्या आत. म्हणून छापील आकड्यावर निर्णय घेऊ नका, मोजा. पद्धत सोपी आहे:

१. घरातला फ्रिज, पंखे, गीझर थोडा वेळ बंद करा.
२. मीटरचं रीडिंग मोबाइलवर फोटो काढून ठेवा.
३. एअर फ्रायरमध्ये सलग ४ बॅच करा. पहिली बॅच मशीन गरम होण्यात जास्त वीज खाते, म्हणून एकाच बॅचवर अंदाज बांधू नका.
४. पुन्हा फोटो. फरकाला ४ ने भागा.

हा तुमचा बॅचमागचा खरा खप.

घेण्याआधी तीन गोष्टी

पहिली, सॉकेट. १५०० वॅटला साधारण साडेसहा अँपिअर लागतात. १६ अँपिअरचा पॉइंट वापरा. एक्स्टेंशन बोर्डवर तासन्‌तास चालवू नका, वायर तापते.

दुसरी, वॉरंटी कार्ड. घरगुती मशीनच्या वॉरंटीत बऱ्याचदा धंद्यासाठीचा वापर वगळलेला असतो. दुकानातच वाचा.

तिसरी, क्षमता. आपल्या हिशोबात तासाला ८ प्लेट निघतात, त्याहून जास्त नाही. संध्याकाळी ७ ला ३० प्लेट गरम द्यायच्या असतील तर पहिली प्लेट तोवर गार झालेली असेल. तासाला ८ प्लेटच्या आतल्या ऑर्डरी असतील तर एअर फ्रायर मस्त. त्याहून जास्त असतील तर मोठ्या ट्रेचा ओव्हन बघा, किंवा ऑर्डरीच वेळेच्या टप्प्यांत घ्या.

आजचा गृहपाठ

मागच्या महिन्याचं लाइट बिल काढा. त्यावर दोन आकडे गोल करा: एकूण युनिट आणि तुमच्या टप्प्याचा दर. ३०० मधून तुमचे युनिट वजा करा. जे उरतात, तेवढीच वीज तुमच्या धंद्याला मोकळी आहे. त्यात किती बॅच बसतात ते मोजा आणि मगच मशीनच्या दुकानात पाऊल टाका.