नाव नको, तुकडा विचारा

शनिवारची सकाळ. टोरंटोच्या सेंट लॉरेन्स मार्केटमध्ये पाय ठेवायला जागा नाही. चीजवाले, मासळीवाले, पाववाले, सगळ्यांपुढे झुंबड. मामी सराईतपणे वाट काढत खाटकाच्या काचेसमोर जाऊन उभी राहते.

काचेआड बेकनचे ट्रे, प्रत्येकावर पाटी. 'साइड बेकन' म्हणजे पोटाकडचं मांस, धुरी दिलेलं, चरबीच्या पांढऱ्या पट्ट्यांचं. इटालियन 'पँचेटा' हेही पोटाचंच, पण मीठ-मिरी लावून मुरवलेलं, गुंडाळी करून बांधलेलं. टोकाला 'ग्वांचाले', डुकराच्या गालाचं. आणि मधोमध पिवळेधमक लोळे: 'पीमील'.

"हे खास इथलं," मामी म्हणते.

खाटीक एक लोळा उचलून फळीवर ठेवतो. सुरमईच्या तुकडीला रवा लावावा तसं त्याला चहूबाजूंनी मक्याचं भरड पीठ चिकटलंय. सुरी फिरते. आत फिकट गुलाबी, ओलसर, जवळजवळ बिनचरबीचं मांस. धुराचा वास अजिबात नाही. पाठीचा तुकडा मीठ-साखरेच्या पाण्यात मुरवायचा आणि पिठात घोळवायचा, एवढीच कृती.

"मग 'पी' म्हणजे वाटाणा कुठाय यात?" मी विचारते.

"पूर्वी वाटाण्याचंच पीठ लावायचे. मका नंतर आला."

इंग्लंडहून १८५४ मध्ये इथे आलेल्या विल्यम डेव्हिस यांनी याच मार्केटमधून धंद्याला सुरुवात केली. पुढे त्यांची कंपनी डुकराचं मांस जहाजानं इंग्लंडला धाडू लागली. माल टिकावा म्हणून सुक्या पिवळ्या वाटाण्याचं पीठ लावायची युक्ती त्यांचीच, असं इथले लोक सांगतात. टोरंटोचं 'हॉगटाउन' हे टोपणनावही त्यांच्याच कारखान्याच्या खात्यावर टाकतात.

शेजारचा अमेरिकन पाहुणा 'कॅनेडियन बेकन' मागतो. खाटीक गालात हसतो. "तुमच्याकडचं की आमचं?" पाहुणा गोंधळतो. त्याला हव्यात त्या धुरी दिलेल्या, आधीच शिजवलेल्या गोल चकत्या, पिझ्झावर टाकतात तशा. समोर आहे ते कच्चं पीमील. त्याच्या मागचे ब्रिटिश आजोबा नुसतं "बेकन" म्हणतात आणि बोट दाखवतात पाठीच्या मांसाकडे, ज्याला पोटाची थोडी शेपटी ठेवलेली आहे. त्यांच्या घरी बेकन म्हणजे हेच. पोटाचं ते 'स्ट्रीकी', आणि कापलेली प्रत्येक चकती 'रॅशर'. अमेरिकन माणसाला मात्र नुसतं 'बेकन' म्हटलं की पोटाच्या कुरकुरीत पट्ट्याच आठवतात. ज्याच्या त्याच्या घरात रोज शिजतं त्याला विशेषण लागत नाही. ते चिकटतं दुसऱ्याच्या बेकनला.

पलीकडच्या गाळ्यात तव्यावर पीमीलच्या चकत्या चरचरतायत. मक्याची कड तांबूस होते, मांसाचा रंग पालटतो. विक्रेती तीन-चार चकत्या गोल पावात भरून पुढे सरकवते. मामी वर मोहरीचा सॉस ओढते. पहिल्या घासात आधी खारटपणा, मग पुसटशी गोडी. कडेला बारीक कुरकुर. चरबी कमी, त्यामुळे मांस जराही जास्त वेळ तव्यावर राहिलं तर चिवट होईल.

परदेशात बेकन घ्यायची वेळ आली तर पाटीवरच्या नावावर विसंबू नका. सरळ विचारा: पोटाचं की पाठीचं, धुरी दिलेलं की नुसतं मुरवलेलं, कच्चं की शिजवलेलं? पीमील मिळालं, तर ते नीट शिजवूनच खा.