नकाराचा रकाना

बालरोगतज्ज्ञाने वृद्ध पुरुषांच्या पुरःस्थ ग्रंथीविषयी, म्हणजे प्रोस्टेटविषयी लिहावे, याचे वाचकांना नवल वाटेल. परंतु या विषयातील एका शब्दाने मला माझेच जुने केसपेपर आठवले.

अमेरिकेत कृष्णवर्णीय पुरुषांना हा कर्करोग गोऱ्यांच्या दीडपटीहून अधिक प्रमाणात होतो; त्याने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण तर सुमारे दुप्पट आहे. रोगाची अवस्था समान असतानाही ग्रंथी समूळ काढण्याची शस्त्रक्रिया त्यांच्यावर कमी वेळा होते, आणि झालीच तर तिचा फारसा सराव नसलेल्या रुग्णालयात होण्याची शक्यता अधिक. सौम्य रोगात शस्त्रक्रिया न करता नियमित तपासणीखाली राहणेच पुष्कळदा हिताचे असते, त्यामुळे केवळ शस्त्रक्रियांची संख्या मोजून अन्याय सिद्ध होत नाही. परंतु ही तफावत आक्रमक रोगातही आढळते. तेथे हा बचाव टिकत नाही.

मग दोष रक्ताचा म्हणावा काय? २०१९ साली ३ लाखांहून अधिक रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांत उपचाराचे दार सर्वांना जवळपास सारखेच उघडे असते. तेथे वय, रोगाची अवस्था इत्यादी जमेस धरल्यावर कृष्णवर्णीयांचा या कर्करोगाने होणारा मृत्युदर गोऱ्यांहून अधिक आढळला नाही. रोग उद्भवण्यात आनुवंशिकतेचा वाटा असेलही; पुढील सर्व खापर तिच्यावर फोडता येत नाही.

तेथील कर्करोग नोंदणीत 'शस्त्रक्रिया सुचविली, रुग्णाने नाकारली' अशीही एक नोंद असते. कृष्णवर्णीय त्यात अधिक दिसतात. अलाबामातील टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे सरकारी आरोग्यसेवेने सुमारे ४०० कृष्णवर्णीय उपदंशरुग्णांना, पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही, उपचारांविना नुसते न्याहाळले. ही स्मृती ज्या घरांत आहे, तेथला नकार अडाणीपणाचा कसा म्हणावा? नकारापूर्वी डॉक्टर किती वेळ बोलले, हे तर त्या रकान्यात येतच नाही.

मीही मेंदूज्वराचा संशय असलेल्या बालकांच्या कागदावर 'पाठीतील पाणी काढण्यास पालकांचा नकार' असे लिहून मोकळा होत असे. एकदा एका आजोबांना सहज कारण विचारले. ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आमच्या गल्लीतलं पोर त्या सुईनंच गेलं." ते मूल आजाराने गेले होते, पण हे घरच्यांना कोणी सांगितलेच नव्हते. मी खुर्ची ओढून बसलो. पंधरा मिनिटांत संमती मिळाली.