पियानो शिकण्यास वय आड येते काय?

मुलीला पियानोच्या शिकवणीस पोहोचवून तासभर बाहेर बसून राहणारी आई आपण पाहिली असेल. आतील सूर ऐकता ऐकता तिची बोटे नकळत मांडीवर चालू लागतात. परंतु 'आता या वयात आपल्याला काय जमणार?' असे मनाशी म्हणून ती हात आवरून घेते. वाचकहो, ती आई, किंवा तसेच वाट पाहणारे वडील, कदाचित आपणच असाल. हा लेख आपल्यासाठी आहे.

प्रथम वाद्याची ओळख करून घेऊ. इ. स. १७०० च्या सुमारास इटलीतील फ्लॉरेन्स नगरात बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी या कारागिराने ते घडविले. त्यापूर्वीच्या हार्पसिकॉर्डमध्ये तार छेडली जात असे. बोटाच्या जोराने आवाज फारसा कमीअधिक होत नसे. क्रिस्तोफोरीने तारेवर लहानशा हातोडीने आघात करण्याची योजना केली. बोट अलगद पडले तर सूर मृदू, जोराने पडले तर बुलंद! 'पियानो' म्हणजे मृदू व 'फोर्ते' म्हणजे जोरकस. या शब्दांवरूनच वाद्यास नाव मिळाले.

आजच्या पियानोला सामान्यतः ८८ पट्ट्या असतात : ५२ पांढऱ्या व ३६ काळ्या. हा आकडा ऐकून बिचकू नये. काळ्या पट्ट्या दोन व तीन अशा गटांनी पुनःपुन्हा येतात. दोहोंच्या गटालगतची डावीकडील पांढरी पट्टी म्हणजे 'सी', आपल्या पेटीवाल्यांची 'पांढरी एक'. एक सप्तक ओळखीचे झाले की बाकीची आपोआप ओळखीची होतात.

मग अडते कोठे? बहुधा डाव्या हातापाशी. पेटीवर डावा हात भाता चालवितो व सूर उजवा काढतो; पियानोवर मात्र दोन्ही हातांना स्वतंत्र कामगिरी असते. पेटी वाजविणाऱ्या पन्नाशीच्या गृहस्थाचा उजवा हात जाणता असला, तरी डावा जणू पाच वर्षांचाच असतो! त्याच्याशी बालकाप्रमाणेच वागावे. रागावू नये, घाई करू नये. हंगेरीचे संगीतकार बेला बार्तोक यांनी १९२६ ते १९३९ या काळात 'मिक्रोकोस्मोस' ही १५३ लहान रचनांची मालिका सिद्ध केली. तिच्या आरंभी दोन्ही हात एकच चाल वाजवितात. त्यांच्या वाटा हळूहळू निराळ्या होत जातात. हाच क्रम प्रौढांनाही मानवतो.

बालकाची बोटे लवचिक असतात, हे खरे. तथापि प्रौढाला आपण का शिकतो हे ठाऊक असते, व नियम समजावून दिल्यास तो चटकन उमगतो. त्याचा खरा शत्रू वय नसून संकोच होय. त्याचे कान तयार असतात, बोटे तयार नसतात; म्हणून स्वतःची चूक त्यालाच अधिक बोचते.

रविवारी तीन तास बसण्यापेक्षा रोज वीस मिनिटे बसणे अधिक हिताचे. नखे कापलेली असावीत, खांदे सैल असावेत. अवघड जागा तेवढीच निवडून, प्रथम एकेका हाताने व संथ लयीत घोटावी. मनगट दुखू लागल्यास तत्काळ थांबावे. पियानो महाग पडत असेल, तर वजनदार पट्ट्यांचे विजेवरील वाद्यही आरंभास पुरते; त्याला सूर लावून घेण्याचा खर्चही नसतो.

परीक्षेची हौस असेल, तर लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षा आपल्या देशात होतात. पहिली ते आठवी अशा श्रेणींना वयाची अट नाही. नसेल, तरी काही बिघडत नाही. फ्रान्सच्या कोलेत माझ बालपणी पियानो शिकल्या व शंभरी उलटल्यावरही वाजवीत राहिल्या. २०२३ साली, वयाच्या १०९ व्या वर्षी त्या निवर्तल्या. आपण आज साठीत आरंभ केलात, तरी पुष्कळ वेळ हाती असू शकेल.

तेव्हा पुढच्या खेपेस बाहेर बसून राहू नका. शिकवणी संपताच आत जा आणि विचारा, "बाई, मलाही शिकवाल का?" मुलीला हसू येईल, पण घरी गेल्यावर 'पांढरी एक' कोठे, हे आपल्याला तीच प्रथम दाखवील.